कॉलेजातले 'पर्यावरणवाले' दिवसभर करतात तरी काय?

पंचगंगाकाठ:

मंडळी, मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं होतं की कॉलेजातले पर्यावरणवाले जूनमध्ये झाड लावून फोटो काढतात आणि उरलेलं वर्ष सेमिनारची सर्टिफिकेटं गोळा करतात. तिथे उत्तर द्यायला बसले तर प्रतिसाद लांबतच गेला, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक. वय पस्तिशीच्या आत. पीएच.डी. पंचगंगेच्या पाण्यावर केली आणि ती मिळाल्यानंतरही नदी सुटलेली नाही. कॉलेजचं नाव विचारू नका.

माझा आठवडा बीओडीच्या हिशोबाने चालतो. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, त्याचं हे माप. आपल्या मानकाप्रमाणे बाटली २७ अंशांना तीन दिवस अंधारात ठेवायची (जुन्या पुस्तकांत २० अंशांना पाच दिवस आहे, परीक्षेत मुलं दोन्ही लिहितात). सोमवारी पाणी आणलं तर गुरुवारी वाचन. गुरुवारी आणलं तर तिसरा दिवस रविवार, कॉलेजला कुलूप. शुक्रवारी आणलं तर कागदावर सोमवार बरोबर बसतो, पण शनिवारी संध्याकाळी शिपाईमामा नियमाप्रमाणे मेन स्विच पाडून जातात, त्यात बाटल्या ठेवलेला इंक्युबेटरही बंद. म्हणून नदीवर जायचं ते सोमवारी, नाहीतर मंगळवारी. त्या दिवशीचे माझे तास दुपारी लावून घेतले आहेत आणि त्याच्या बदल्यात एका सहकाऱ्याचं सुपरव्हिजन माझ्या गळ्यात आहे.

जायचं शक्यतो पहाटे. दिवसा उन्हात शेवाळं आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडत असतात, रात्री मात्र नदीतले सगळेच जीव तो नुसता वापरतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, सूर्योदयाच्या थोडा आधी सगळ्यात खाली जातो. मासे तडफडतात ते या वेळेला, आणि सकाळी बंधाऱ्यावर आलेल्यांना खच दिसतो. त्याच जागी दुपारी बाराला बाटली भरली तर आकडा बरा येतो आणि पाणी ठीक आहे असं म्हणता येतं. तेरवाड बंधाऱ्याकडची पहाट गाठायची तर आदल्या रात्री मुक्काम हवा. एका विद्यार्थिनीच्या मावशी त्या बाजूला राहतात. त्यांच्याकडे जेवायचं, झोपायचं, साडेचारला उठायचं. संशोधनाच्या कुठल्याच बजेटात मावशी बसत नाहीत.

बाटली भरायचीही रीत आहे. तीनशे मिलीची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मग काठावरच पिपेटने आधी मँगनस सल्फेट, त्यावर अल्कली-आयोडाईड-अझाइड, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर चहाच्या गाळासारखा तपकिरी साका खाली बसायला लागतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे लॅबमध्ये आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च, निळ्याचं रंगहीन होणं, हे सगळं असतंच, पण पांढरा साका दिसला की टायट्रेशनचा आकडा काय येणार ते काठावरच कळलेलं असतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी तुंबलेलं असताना मी तो पाहिला आहे. शेजारी कपडे धूत बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "काय मॅडम, परत आलासा व्हय? गावलं का काय पाण्यात?"

म्हटलं, "काही गावलं नाही मावशी, पाण्यात हवाच उरली नाही."

"ते आमालाबी ठावं हाय की. वासानंच कळतंय. त्याला बाटली कशाला पायजे?"

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाटली कशाला, तर उद्या कुणी म्हणालं की हे यंदाच झालंय, तर कधीपासून आहे ते दाखवता यावं म्हणून. वास फाईलला लावता येत नाही.

परतीचा प्रवास एसटीने. बर्फाच्या पेटीत नमुने, वर ओलं फडकं. "मासं हाय काय?" हा कंडक्टरचा ठरलेला प्रश्न. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पेटीला मात्र लगेज. :)

दुपारी तास. 'पर्यावरण अभ्यास' हा पदवीच्या प्रत्येक शाखेला सक्तीचा विषय, त्यामुळे समोर वाणिज्य शाखेची शंभरावर मुलं आणि त्यातली निम्मी सही करून गेलेली. प्रोजेक्ट म्हणून ओझोनचा थर येतो, वर्षानुवर्षं तोच, तेच चित्र चिकटवलेलं. मात्र मागच्या एका बॅचला इचलकरंजीहून येणारा मुलगा होता. वडील कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला. कोल्ड्रिंकच्या बाटलीत घरच्या बोअरचं पाणी घेऊन आला, "मॅडम, ह्याचं काय ते बघता का?" टीडीएस मीटर बुडवला तर आकडा दोन हजारांच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. त्याला सांगितलं की हा मीटर किती विरघळलंय तेवढंच सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे होत नाहीत. पुढच्या आठवड्यात पठ्ठ्याने गल्लीतल्या आणखी काही घरांचं पाणी आणलं, प्रत्येक बाटलीवर बोअर किती फूट खोल ते लिहिलेलं. मी सांगितलं नव्हतं. खोलीची नोंद ठेवायला आमची एम.एस्सी.ची मुलंही विसरतात.

बाकी 'पर्यावरण' नावाखाली जे काही येतं ते माझं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत हरित परिसर, पाणी, ऊर्जा, कचरा येतो, म्हणून ती फाईल माझी. घाट स्वच्छता माझी, गणपतीत निर्माल्य गोळा करणं माझं. कॅम्पसवर साप निघाला की फोन मला. (मला सापातलं काही कळत नाही. सर्पमित्राचा नंबर आहे, एवढंच कौशल्य.) रसायनं घ्यायची तर तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, आणि माल येतो तो मार्च संपताना. तोवर स्टार्च शेजारच्या केमिस्ट्री विभागाकडून उसनं.

एक गोष्ट आमच्या भागात उघड गुपित आहे. कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, बँक आणि शिक्षण संस्था यांची मंडळं एकमेकांत मिसळलेली असतात. ज्या नाल्याच्या तोंडाशी बाटली भरायची, त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या उद्योगाचे कुणीतरी संचालक कुठल्यातरी संस्थेचे विश्वस्त निघतातच. धमकी वगैरे कुणी देत नाही. "मॅडम, पेपरात नाव नका घालू, 'ठिकाण क्रमांक ४' लिहा," एवढंच येतं. ठिकाण क्रमांक ४ लिहून माझे पेपर छापून आलेत. ज्याला नदी माहीत आहे त्याला ते कुठलं ते कळतं.

आता मुख्य तक्रार. दर वर्षी मूल्यमापनाचा फॉर्म भरायचा असतो. नवीन प्रकल्प, नवीन पेपर, नवीन पेटंट (पर्यावरणात पेटंट!). 'त्याच जागी, त्याच पद्धतीने, आणखी एक वर्ष मोजलं' याला रकाना नाही. जर्नलकडे पाठवलं तर विचारतात, यात नॉव्हेल्टी काय? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीच्या तळात, गाळात, पाण्यात काय फरक पडला, हे सांगायचं तर पुराआधीची भरपूर वर्षं हाताशी हवीत, आणि ती कुणीतरी नॉव्हेल्टी नसताना मोजलेली असावी लागतात. फेलोशिप पाच वर्षांत संपते, प्रकल्प दोन-तीन वर्षांत. पोरं नोकरीच्या मागे जातात, वह्या कपाटात. माझ्या विषयातली बहुतेक तरुण मंडळी म्हणूनच मायक्रोप्लास्टिककडे वळली आहेत. तो विषय महत्त्वाचा आहे, नाही म्हणत नाही, पण गर्दी व्हायचं कारण वेगळं आहे.

या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर लिहा. प्रश्नही विचारा.

खवचट_शेजारी:

तो प्रतिसाद माझाच होता. लेख आवडला, शब्द मागे घेतो, पण तुमच्या कॉलेजच्या पेजवर ५ जूनच्या पर्यावरण दिनाचा फोटो असणार यावर पैज.

पंचगंगाकाठ:

आहे. मागच्या रांगेत डावीकडून दुसरी मी. ५ जूनला सुट्टी असते, पाऊस बहुधा आलेला नसतो, आणि रोपाला पाणी घालायला तीन आठवडे कुणी नसतं. वृक्षारोपण जुलैत घेऊ म्हणून मी दर वर्षी सुचवते, पण परिपत्रकात तारीख छापलेली असते.

निवृत्त_पानाफुलांचा:

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. 'सक्तीचा विषय' कुठून आला ते सांगतो. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर १९९१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यावरण सगळ्यांना शिकवा. नंतर न्यायालयाने पुन्हा कान धरल्यावर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला आणि तो पदवीला लागू झाला. आमच्या प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये विचारलं, "हे कोण घेणार?" भूगोलवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी प्राणिशास्त्राकडे. शेवटी ज्याचा वर्कलोड कमी पडत होता त्याला मिळाला. एक वर्ष मराठीच्या सरांनी घेतला, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरा घेतला, मुलांना ओढ्यावर तरी नेलं.

गोम अशी की विषय सगळ्या मुलांना सक्तीचा झाला, पण त्यासाठी स्वतंत्र पद जवळपास कुठेच आलं नाही. एम.एस्सी. पर्यावरण करून, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा देऊन मुलं दारात उभी, आणि आत विषय शिकवतोय मी. माझं पुस्तक गाईड होतं, बाजारात मिळतं ते. तुम्हाला स्वतंत्र पद मिळालं हे नशीबच म्हणायचं.

दुसरं. लांब पल्ल्याच्या नोंदींबद्दल बोललात ते पटलं. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांच्या नोंदी केल्या. आज एखादी देवराई किती आकसली हे बोलायला आपल्याकडे काहीतरी आहे ते त्यामुळे. त्या वेळी कुणी नॉव्हेल्टी विचारली असती तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

तासिका_तत्त्व:

सर, त्या 'दारात उभ्या' मुलांपैकी एक मी. मराठवाडा. सेट झालं, पीएच.डी. चालू, दोन कॉलेजांत सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर. सकाळी एका तालुक्याला, दुपारी दुसऱ्या. जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे, दिवाळी आणि उन्हाळा कोरडा, बिल वर गेलं की महिनोन्महिने खाली येत नाही. लोक म्हणतात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची राष्ट्रीय फेलोशिप, काढा. २०२३ पासून महिना ३७,००० आहे, कोण नको म्हणेल? पण ती पहिल्या मोजक्या मुलांना. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पोरं उपोषणाला बसली होती, ते वाचलं असेलच.

२०२३ मध्येच यूजीसीने नेट-सेट पुरेसं, पीएच.डी. सक्तीची नाही असं केलं. छान. पण जाहिरात निघाली तर ना! आणि निघाली की मुलाखतीआधी गावात 'रेट' फिरायला लागतो. खरं-खोटं देव जाणे, पण आई रोज विचारते, शेत किती विकावं लागेल.

ताई, तुमची पांढऱ्या साक्याची गोष्ट वर्गात सांगणार आहे. आमच्याकडे नदीलाच पाणी नसतं, मी विहिरीतलं नायट्रेट आणि फ्लोराईड बघतो.

साखरेतला_केमिस्ट:

ताई, लेख चांगला आहे पण एकतर्फी वाटला. मी साखर कारखान्यात आहे, आधी लॅबला, आता डिस्टिलरीच्या बाजूला. नदीचं काही झालं की पहिलं बोट आमच्याकडे. स्पेंटवॉशचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो, मान्य. म्हणूनच तर तो बाहेर सोडायला बंदी आहे. बायोमिथेनेशन, बाष्पीभवन, कुणी कंपोस्ट करतं, कुणी बॉयलरमध्ये जाळतं. आउटलेटला ऑनलाईन मीटर, त्याचा डेटा थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरला. मीटर बंद पडला तर तासाभरात फोन. आणि शहरांचा मैला? त्याला कुठला मीटर? नाला नदीत कोसळतो तो अख्ख्या गावाला दिसतो, पण बातमी येते 'कारखान्याच्या मळीमुळे'. गाळप मार्च-एप्रिलला संपतं, मासे मेमध्ये मेले तरी मळीच!

आणि मंडळ दर महिन्याला नमुने घेतंच की. मग तुम्ही तेच परत कशाला मोजता?

पंचगंगाकाठ:

@साखरेतला_केमिस्ट, मैल्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवं इतकं मोठं आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीत देशात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३५ वर. बाकीचं नदीतच येतं. त्याच मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, पैकी ५५ आपल्या राज्यात, सगळ्यांत जास्त. त्यात साखर कारखाना नसलेल्या शहरांखालचे पट्टेही भरपूर आहेत.

मेमधल्या माशांबद्दल मात्र थोडं थांबा. गाळप संपलं तरी आधी सोडलेलं आणि तळाशी बसलेलं कुजत राहतं. त्यात उन्हाळ्यात प्रवाह नाही, गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, आणि वळवाचा पहिला दणका आला की नाल्यातला साठलेला माल एकदम खाली येतो. म्हणून कुणा एकाचं नाव घेणं अवघड असतं. मी पेपरात कधी घेतलेलं नाही, आणि ते 'ठिकाण क्रमांक ४' मुळे नव्हे. एका बाटलीतून बाप ठरवता येत नाही.

मंडळाच्या नमुन्यांबद्दल: त्यांची मालिका लांब आहे आणि मी ती रोज वापरते, तिच्याशिवाय माझी पीएच.डी. झाली नसती. पण तो महिन्यातला एक दिवस आणि बहुधा कार्यालयीन वेळ. मला पहाट हवी, आणि दोन बंधाऱ्यांच्या मधली ठिकाणं हवीत.

राईनकाठी:

जर्मनीत पोस्टडॉक आहे, मूळ साताऱ्याची. नदीतल्या औषधांच्या अंशांवर काम करते. इथे तुमच्या उलट प्रकार आहे, म्हणजे नदी कायम, माणसं तात्पुरती. राईनसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून आहे. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी रसायनं घेऊन नदीत गेलं, नदी लाल झाली, ईल मासे ढिगाने मेले. त्यानंतर मोजणी इतकी आवळली की सीमेवरच्या केंद्रात पाणी सतत तपासलं जातं आणि काही वेगळं दिसलं की खालच्या देशांना कळवतात. नेदरलँड्सची पिण्याची सोय त्यावर आहे, त्यामुळे पैसे थांबत नाहीत. कपाटात वही हरवण्याचा प्रश्नच नाही.

आणि आम्ही? कायद्याप्रमाणे विद्यापीठात तात्पुरत्या करारावर पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षं, मग कायम पद मिळवा नाहीतर दुसरीकडे बघा. २०२१ मध्ये यावरून तरुण संशोधकांनी ऑनलाईन मोठा गदारोळ केला होता. पगार चांगला आहे, तक्रार करताना लाज वाटते. पण माझा करार संपायला आला की आई विचारते, "अजून पर्मनंट नाही का?" तासिका_तत्त्व, आपल्या आया एकमेकींना भेटायला हव्यात.

अनभिज्ञ_आई:

इतकं सगळं वाचून विचारू की नको असं झालंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, डॉक्टर व्हायचं नाही म्हणते, 'एन्व्हायर्नमेंट'मध्ये बी.एस्सी. करायचं म्हणते. भविष्य आहे का? सासरे म्हणतात झाडं लावायला डिग्री कशाला.

माजी_संशोधक_ठाणे:

आजोबांना सांगा, झाडं तोडायची परवानगी काढायला डिग्री लागते. :)

मी पीएच.डी. अर्धवट सोडून पर्यावरण सल्लागार कंपनीत गेलो. ईआयए, म्हणजे प्रकल्पाआधीचा परिणाम अहवाल, हे आमचं पोटापाण्याचं काम. अहवालावर सही करायला मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतो, त्यामुळे आपल्या विषयाला मागणी आहे. आता सेबीमुळे मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना दर वर्षी शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, तिथेही मुलं लागतात. पगार प्राध्यापकीच्या वाट बघण्यापेक्षा लवकर सुरू होतो.

पण कामाचं समाधान विचारू नका. प्रकल्पाभोवती दहा किलोमीटर आणि बहुतेक वेळा पावसाळा सोडून एक हंगाम, एवढंच बघायचं. कोकणातला सडा (कातळाचं पठार) पावसाळा सोडून बघणं म्हणजे काय, ते ज्याने सडा पाहिलाय त्याला कळेल. सात महिने तो काळा कातळ, 'पडीक जमीन' लिहून मोकळे. फुलं, बेडूक, कीटकभक्षी वनस्पती सगळं जून ते ऑक्टोबर. रत्नागिरीकडच्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर निघाला होता, त्याची बरीच चर्चा झाली. आमच्या ऑफिसात नवीन मुलाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात. त्यानंतरही वनस्पतींच्या याद्या या अहवालातून त्या अहवालात चिकटवल्या जातात. मी स्वतः जाऊन यादी करतो, म्हणून माझे अहवाल उशिरा जातात आणि मला बोलणी बसतात.

पंचगंगाकाठ:

@अनभिज्ञ_आई, माझं मत रोखठोक सांगते. बी.एस्सी. रसायन, वनस्पती, प्राणी, भूगर्भ किंवा संख्याशास्त्र अशा एका पक्क्या विषयात करू द्या आणि एम.एस्सी. पर्यावरणात. नेट आणि सेट दोन्हीला पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे वाट बंद होत नाही, आणि हाताशी एक कसब राहतं. पदवीपासूनच पर्यावरण घेतलेल्या मुलांना सगळ्यातलं थोडं येतं आणि मुलाखतीत तिथेच अडतं. सरकारी जागांच्या जाहिराती आत्ताच काढून वाचा. कित्येक ठिकाणी आपल्या विषयाच्या कामाला अभियांत्रिकीची पदवी मागतात, हे आधी माहीत असलेलं बरं. जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि थोडं कोडिंग सुट्टीत शिकू द्या. आणि तिला एकदा उन्हाळ्यात कुणाबरोबर तरी नमुने गोळा करायला पाठवा. नाल्याच्या तोंडाशी अर्धा तास उभं राहून जिला परत जावंसं वाटतं तिने यावं.

@राईनकाठी, सतत तपासणारं केंद्र! आमच्याकडे शनिवारी मेन स्विच.

निवृत्त_पानाफुलांचा:

मेन स्विचवर उपाय सांगतो. इलेक्ट्रिशियनला सांगून इंक्युबेटर आणि फ्रिजची लाईन वेगळ्या एमसीबीवर घ्या, त्यावर लाल रंगाने 'बंद करू नये' लिहा आणि शिपाईमामांना चहा पाजा. अर्ज करू नका. अर्ज केला तर समिती नेमतील.

साखरेतला_केमिस्ट:

ताई, बाप ठरवता येत नाही हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. येत्या हंगामात ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) आधीचं आणि नंतरचं पाणी तुमच्या मुलांना बघायचं असेल तर पत्र द्या. कॉलेजच्या लेटरहेडवर, मॅनेजिंग डायरेक्टरांच्या नावाने, 'शैक्षणिक भेट' लिहा. 'नमुना' हा शब्द घालू नका, तो वाचला की कागद लीगलकडे जातो. परवानगी मिळेलच असं नाही.

पंचगंगाकाठ:

पत्र देते. पण नमुना हा शब्द घालणार. भेटीला आलेल्या मुलांच्या हातात बाटल्या बघून गेटवर वाद नको, आणि आकडे पुढे कुठे वापरले तर ते परवानगीने घेतलेले असावेत. नाही म्हणाले तर नाही.

साखरेतला_केमिस्ट:

मग 'प्रात्यक्षिकासाठी नमुना' लिहा. आणि बॉयलर पेटल्यावर पंधरा दिवसांनी या. सुरुवातीला ईटीपीतले जिवाणू जमलेले नसतात, तेव्हाचे आकडे आमचे आम्हालाच बघवत नाहीत.

तासिका_तत्त्व:

ताई, थायोसल्फेट प्रमाणित करायचा तुमचा तक्ता मिळेल का? आमच्याकडचा कुणीतरी नेलाय.

पंचगंगाकाठ:

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा आणि दर वेळी डायक्रोमेटवर तपासून घ्या, बाटलीवर लिहिलेल्या नॉर्मॅलिटीवर विश्वास ठेवू नका.